दत्ताकाकांची दोन माणसांची गाडी

देवगडला आमचं घर आणि बाबांचं गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत होती. भिंतीत दार होतं, ते दिवसभर सताड उघडं असायचं, त्यामुळे घर कुठे संपतं आणि गॅरेज कुठे सुरू होतं हे आम्हाला कधी नीट कळलंच नाही. एका बाजूला बिडाच्या तव्यावर घावणे चुरचुरत असायचे आणि दुसऱ्या बाजूला पत्र्यावर हातोडा पडत असायचा. खाडीकडून ट्रॉलरच्या इंजिनांची धडधड यायची, तीत एखादं इंजिन बेसूर निघालं तर बाबा घास तसाच हातात धरून ऐकत बसायचे. आई तर चुलीसमोरून न उठता सांगायची की टेकडीवरून कोणाचा टेम्पो उतरतो आहे आणि त्याचे ब्रेक कितपत उरले आहेत. बाबा जेवायला येताना आधी रॉकेलने आणि मग साबणाने हात धुवायचे, तरी पेजेच्या वाटीला डिझेलचा वास लागायचाच. त्याची तक्रार फक्त पाहुणे करत. आम्हाला तो वास जेवणाचाच एक भाग वाटायचा, सुकटीच्या वासासारखा.

मी बारावी झाले त्या वर्षी बाबांच्या हाताखालचे मेकॅनिक मस्कतला निघून गेले. हापूसचा हंगाम तोंडावर आला होता. मुंबईला पेट्या नेणारे ट्रक आणि टेम्पो दारात रांग लावून उभे राहणार होते आणि बाबा एकटे पडले होते. माझ्या पुढच्या शिक्षणाचं काही ठरत नव्हतं. मी बाबांचा जुना सदरा पंजाबी ड्रेसवर चढवला आणि पाने-पकडी हातात द्यायला उभी राहिले. चार दिवस दिले, मग पाचव्या दिवशी बाबा ट्रकखाली असताना दुसऱ्या टेम्पोचं चाक मीच उतरवलं. पुढच्या हंगामापर्यंत मला ब्रेक बांधता येऊ लागले, कार्बोरेटर उघडून साफ करता येऊ लागला, आणि दुरुस्त झालेल्या गाड्या मालकांच्या दारात पोचवता याव्यात म्हणून बाबांनी मला लायसन्सही काढून दिलं. लोक बोलत. आई लोकांना काही बोलायची नाही, मला मात्र रोज संध्याकाळी खोबरेल लावून नखांतलं काळं काढायला बसवायची. ते कधी पूर्ण निघालं नाही. आजही निघत नाही, आणि आता मी तो प्रयत्नही करत नाही.

त्याच सुमारास दत्ताकाका आमच्या आयुष्यात आले. ते आमच्या नात्यातले नव्हते. विजयदुर्गचे, तीस वर्षं परदेशी जहाजांवर कुक म्हणून काम केलेले, नुकतेच निवृत्त होऊन घरी परतलेले. उंच, सावळे, बारीक मिशीचे, आणि त्या उन्हात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारे. तरुणपणी कुठल्याशा बंदरात त्यांनी एक उघडी, दोन माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी धावणारी गाडी पाहिली होती आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस अशी गाडी घ्यायची. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून तशीच एक वीस वर्षांची विलायती स्पोर्ट्स गाडी अठ्ठावीस हजारांना घेतली. दुधावरच्या साईच्या रंगाची, कापडी टपाची, तारांच्या चाकांची. ती पहिल्यांदा देवगडच्या बाजारातून गेली तेव्हा लोक दुकानांतून बाहेर आले. दुसऱ्यांदा गेली ती बैलगाडीच्या मागे दोर बांधून, आणि तेव्हा जास्त लोक बाहेर आले.

बाबांनी अशी गाडी आयुष्यात उघडली नव्हती, आणि ते त्यांनी दत्ताकाकांना स्पष्ट सांगितलं. दत्ताकाका म्हणाले, मुंबईच्या कारागिरांनी उघडली होती, म्हणूनच ती अशी आहे. तेव्हापासून ती गाडी दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे येऊ लागली. खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा इतका सडला होता की पाय ठेवायच्या जागेतून रस्ता दिसायचा. तो पत्रा नवा मारायला तीनशे रुपये लागले. क्लचच्या तेलाची सीलं गेली होती, मुंबईत त्यांचे दोनशे सांगितले होते, बाबांनी जीपचं एक सील मापाला लावून पाहिलं आणि बारा रुपयांत काम भागवलं. दिवे आपल्या मर्जीने लागायचे आणि विझायचे, त्यांचं मूळ एका गंजलेल्या अर्थिंगच्या तारेत निघालं, तिथे खर्च शून्य पण शोधायला तीन दिवस. सगळ्यांत छळलं ते दोन कार्बोरेटरांनी. दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा, आणि ते कधी सारखा घ्यायचे नाहीत. त्यांचे रबरी पडदे मुंबईहून मागवले, आठशे रुपये गेले, आणि मग मी रबरी नळीचं एक टोक कानात धरून आणि दुसरं आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी लावून त्यांचा आवाज जुळवायला शिकले. आज माझ्याकडे पुण्याहून मुलं येतात, कुठूनतरी फोनवर बघून घेतलेल्या अशाच बुटक्या, वेगवान, जुन्या गाड्या घेऊन. मी त्यांना सांगते, गाडीची जी किंमत दिली असेल तेवढीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, आणि आधी तळाचा पत्रा, तारा आणि पाण्याचे पाइप बघा. ती हसतात. सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा हसत नाहीत.

दत्ताकाकांना गाडीपासून दूर राहवायचं नाही. आम्ही काम करू लागलो की ते आमच्या स्वयंपाकघरात शिरायचे आणि आईच्या परवानगीने काहीतरी रांधायचे. सुरमईचा रस्सा त्यांच्या हातचा जहाजी वळणाचा असायचा, तिरफळं कमी आणि मिरी जास्त, आणि शिळ्या पावाची अंडी-दूध घालून वाफवलेली एक गोड वडी ते करत, तिच्यासाठी आम्ही भावंडं गाडी बिघडायची वाट बघायचो. बोलता बोलता एकदा त्यांनी आईला गाडी घेण्याचं खरं कारण सांगितलं. इंदूकाकू, त्यांची बायको, कुडाळजवळच्या वालावलची. लग्नानंतर तीस वर्षं ती विजयदुर्गच्या घरात एकटी राहिली, सासू-सासऱ्यांचं केलं, मुलं वाढवली. माहेरी गेली की तिचे भाऊ विचारायचे, नवरा आहे का नुसती पत्रंच येतात? दत्ताकाकांना तिला एकदा या गाडीतून वालावलला न्यायचं होतं, लक्ष्मीनारायणाच्या देवळासमोर, तिच्या भावांच्या देखत.

आणि त्या प्रवासाच्या बेतात माझ्या हातून घोटाळा झाला. वालावलला जायच्या आधी गाडीचे प्लग बदलायचे होते. मी शेकडो प्लग बदलले होते, सगळे लोखंडी हेडचे. या गाडीचं हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, मऊ ॲल्युमिनियमचं होतं. एक प्लग किंचित तिरका लागला, मला हाताला जाणवलं की काहीतरी अडतं आहे, आणि मी थांबण्याऐवजी पान्याला जोर दिला. हेडचे आटे गेले. लोण्यात सुरी गेल्यासारखा तो पाना फिरला. बाबांनी पाहिलं, प्लग माझ्या हातातून घेतला, त्याला लागलेला पांढरा चुरा बोटाने पुसला आणि एवढंच म्हणाले की हाताने सांगितलेलं ऐकायचं असतं. मग त्यांनी हेड उतरवलं, बेळगावला लेथवर नेऊन तिथे प्लगच्या भोकात आटे पाडलेली नवी बुश बसवून आणली, आणि तो खर्च दत्ताकाकांना लावला नाही. गाडी परत बांधताना जुने झालेले पाण्याचे पाइपही त्यांनी नवे घातले. मला त्या चार दिवसांत कशालाच हात लावायचा धीर झाला नाही.

गाडी छान सुरू झाली. दत्ताकाका आणि काकू ठरल्या दिवशी वालावलला निघाले. काकूंनी अबोली माळली होती आणि डोक्यावरून रुमाल घट्ट बांधला होता. नांदगावला हायवे लागतो, तिथून पुढे थोड्याच अंतरावर इंजिन उकळलं. वाफेने पुढची काच दिसेना. शेवटी काकू वालावलला पोचल्या त्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून, आणि उतरल्या तेव्हा त्यांचं पांढऱ्या काठाचं लुगडं चिऱ्यांच्या तांबड्या धुळीने माखलं होतं. भाऊ काय म्हणाले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. दत्ताकाकांनी गाडी तशीच ओढून कोल्हापूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या फोरमनने आधी काय काम झालं होतं ते विचारलं, आटे कोणी घालवले ते विचारलं, बॉनेट उघडून बघितलं आणि सांगितलं की हेडला चीर गेली आहे. नवं हेड विलायतेहून मागवावं लागेल, चार महिने थांबावं लागेल, मजुरी धरून अकरा हजार रुपये.

गाडी ट्रकवर चढून आमच्या दारात परत आली. दत्ताकाका खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "मेस्त्रीनू, तुमचो राग नाय माका. पण ह्या चेडवाक आता माझ्या गाडयेक हात लावूक देव नकात." गोव्याचा एक हॉटेलवाला ती गाडी दाराशी शोभेला ठेवण्यासाठी दहा हजारांना घ्यायला तयार होता आणि रविवारी बघायला येणार होता. बाबा म्हणाले, विकू नका, हेडचा खर्च मी करतो. दत्ताकाकांनी नकारार्थी मान हलवली. पैशांचा प्रश्न आता उरला नव्हता, ते म्हणाले, काकूच पुन्हा त्या गाडीत बसणार नाहीत.

 अकरा हजार म्हणजे आमच्या गॅरेजचा एक अख्खा हंगाम. आई मला रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती मला मासळीतला मधला तुकडा वाढत राहिली. बाबांनी माझं काम थांबवलं नाही, पण गिऱ्हाइकं गाडी लावताना विचारू लागली की मुलीला हात लावू देणार का. आणि मी रोज येता-जाता कोपऱ्यातल्या त्या साईच्या रंगाच्या गाडीकडे बघायचे आणि माझं लक्ष बंद बॉनेटखालच्या त्या प्लगवर जायचं.

शुक्रवारी दुपारी बाबा बंदरावर एका ट्रॉलरचं इंजिन बघायला गेले होते. मी गाडीचं बॉनेट उघडलं. हात लावू नको असं मला सांगितलं होतं, तरी उघडलं. हेडला चीर गेली तर पाणी तेलात उतरतं आणि तेल दुधाळ होतं, हे मला ट्रकांवरून ठाऊक होतं. मी तेलाची काडी काढून पुसली, पुन्हा घालून काढली. तेल मधासारखं स्वच्छ होतं. मी रेडिएटरचं झाकण काढून पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. चीर असेल तर पाण्यात बुडबुडे यायला हवेत. एकही आला नाही. झाकण लावून वीस मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं, तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला. मी तिथे उभी राहून विचार करत होते. उभी असताना ही तापत नाही, हायवेवर पळताना उकळते. मग पळताना जे घडतं ते उभ्या जागी घडवून बघायला हवं. मी कार्बोरेटरचा दांडा हाताने ओढून धरला आणि इंजिनचा आवाज चढू दिला. गाडी थरथरू लागली. आणि माझ्या डोळ्यांसमोर रेडिएटरच्या खालचा, बाबांनी घातलेला तो नवा कोरा पाइप आत ओढला गेला आणि चोखून टाकलेल्या रायवळ आंब्यासारखा चपटा झाला. पाण्याचा रस्ता बंद. मी दांडा सोडला, पाइप फुगून पुन्हा गोल झाला, जणू काही झालंच नव्हतं. मी सात-आठ वेळा तसं केलं. दर वेळी तसंच.

मला आनंद झाला असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. पहिल्यांदा मला भीती वाटली, कारण तो पाइप कोणी बसवला होता हे मला माहीत होतं. बाबा बंदरावरून आले, मी त्यांना गाडीपाशी नेलं आणि दांडा ओढला. त्यांनी बघितलं. "परत कर," म्हणाले. मी पुन्हा केलं. ते सरळ मागच्या अंगणातल्या भंगाराच्या ढिगाकडे गेले, जुना पाइप शोधून काढला आणि सुरीने उभा चिरला. आतून गंजलेल्या तारेची लांब स्प्रिंग बाहेर आली. पाण्याचा पंप जोरात ओढू लागला की पाइप आत बसू नये म्हणून ती स्प्रिंग आत असते. ट्रकच्या दुकानातून त्याच मापाचा पाइप आणताना जुन्याच्या आत अशी स्प्रिंग होती हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाबांना ती गोष्ट गुपचूप मिटवता आली असती. नवी स्प्रिंग घालायची, बॉनेट लावायचं आणि हेड आम्ही ठीक केलं म्हणून सांगायचं, कोणाला काय कळणार होतं? पण त्याच संध्याकाळी ते मला स्कूटरवर मागे बसवून विजयदुर्गला दत्ताकाकांच्या घरी गेले. ओट्यावर शेजारचे दोघे-तिघे बसले होते. बाबांनी त्यांच्या उठण्याची वाट बघितली नाही. चिरलेला पाइप आणि ती स्प्रिंग त्यांनी दत्ताकाकांसमोर ठेवली.

"दत्तादा, चूक माझी आसा," ते म्हणाले. "ही स्प्रिंग माझ्या हातान भंगारात गेली. चेडवाच्या आट्यांचो ह्येच्यात काय एक संबंध नाय. आणि ह्या माझ्या ध्यानात इला नाय, कोल्हापूरवाल्याच्या ध्यानात इला नाय. ह्या तिना शोधून काढल्यान."

बाबांनी आयुष्यात एवढं सलग बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दत्ताकाकांनी स्प्रिंग उचलून दोन बोटांत दाबून पाहिली. किती खर्च, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, तारेचे सहा रुपये, पाइप आहेच. दत्ताकाकांनी स्प्रिंग परत पाइपाशेजारी ठेवली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, मी जेवून जाणार ना. एवढीच माफी. मला ती पुरली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पोलादी तार एका नळीवर गुंडाळून नवी स्प्रिंग वळली आणि ती पाइपात मला घालायला लावली. मी गाडी टेकडीच्या सपाट माथ्यावर, सड्यावरच्या सरळ रस्त्यावर दोनदा जोरात पळवून आणली. काटा हलला नाही. रविवारी गोव्याचा हॉटेलवाला आला, त्याला दत्ताकाकांनी पोटभर कोलंबीचं सुकं खाऊ घातलं आणि गाडी विकायची नाही असं सांगून वाटेला लावलं. आता राहिल्या होत्या काकू. त्या पुढच्या आठवड्यात स्वतःच गॅरेजवर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाल्या, "गाडी मधीच रवली तर ह्येंका उघडूक येता काय? मी ह्येंच्या बाजूक बसूचंय नाय. मी ह्या चेडवाच्या बाजूक बसतलंय."

म्हणून वालावलला गाडी मी नेली. टप मागे टाकलेला, शेजारी इंदूकाकू, मांडीवर नारळ आणि हार, आणि आमच्या मागे स्कूटरवर दत्ताकाका आणि बाबा. नांदगाव गेलं, गाडी जिथे उकळली होती ती जागा गेली, तोवर काकू एका हाताने दार घट्ट धरून होत्या. कणकवलीनंतर त्यांनी ते सोडलं. मी काट्यावरून नजर काढत नव्हते. कुडाळच्या अलीकडे त्यांनी विचारलं, हिला याहून जोरात पळता येतं का. मी पळवली. स्कूटर आरशातून दिसेनाशी झाली. माडांच्या गर्दीतून तळ्याकडे उतरणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर इंजिनाचा आवाज असा घुमत होता, की देवळासमोर पोचेपर्यंत अर्धं गाव बाहेर येऊन उभं राहिलं होतं. काकूंनी रुमाल सोडून केस नीट केले आणि तशाच बसून राहिल्या. त्यांचा थोरला भाऊ पायऱ्या उतरून गाडीपर्यंत आला, त्याने दार उघडलं, मगच त्या उतरल्या. भावाने विचारलं, भावोजी कुठे आहेत?

"येतत मागसून," काकू शांतपणे म्हणाल्या.

ते पाऊण तासाने आले, दोघेही धुळीने तांबडे झालेले. दत्ताकाकांनी कपडेही झटकले नाहीत. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि भावांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बायकोकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यानंतर फार कमी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ती गाडी पुढे बारा वर्षं चालली. त्या काळात तिचा क्लच दोनदा गेला, कार्बोरेटर अनेकदा रुसले, तळाचा पत्रा आणखी एकदा बदलावा लागला. ती कधी स्वस्तात पडली नाही. पण तिला माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायला दत्ताकाका कधी तयार झाले नाहीत.

वालावलहून आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी वेंगुर्ल्याचा एक टेम्पो गॅरेजसमोर येऊन थांबला. बाबा बाहेर स्टुलावर चहा पीत बसले होते, मी आत एका ट्रकचे ब्रेक बांधत होते. ड्रायव्हर उतरला आणि मेस्त्री कुठे आहेत म्हणून त्यांनाच विचारू लागला. बाबांनी कप खाली ठेवला नाही. हनुवटीने माझ्याकडे दाखवत म्हणाले, "मेस्त्री ती. तिका सांग."

ड्रायव्हरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो आत आला आणि तिसरा गिअर टाकला की खालून कसली घरघर येते ते मला सांगू लागला.